खिंडीपर्यंत जाऊन आलेली हरिणी

सागाच्या एका दाट जंगलात चितळांचा मोठा कळप होता, आणि त्या कळपात एक हरिणी राहत असे. जंगलाच्या मधोमध गवताचे कुरण होते. चितळे, सांबरे, गवे, ससे असे सगळे तिथेच चरत. पण गवत उंच होते. मान खाली घातली की चार पावलांपलीकडचे काही दिसत नसे. म्हणून फार पूर्वी सगळ्यांनी मिळून एक व्यवस्था लावून घेतली होती. कुरणाच्या कडेच्या उंच झाडांवर पाच वानर दिवसभर पहारा देत. बिबट्याची किंवा वाघाची चाहूल लागली की ते 'खक्‌ खक्‌' अशी हाक देत आणि खालचे सगळे धूम ठोकत. पहाऱ्याचा मुख्य दरवर्षी पावसाळा सरला की सगळ्यांच्या पसंतीने निवडला जाई. पहाऱ्याच्या मोबदल्यात ओढ्याकाठच्या उंबरांची फळे पहारेकऱ्यांसाठी राखून ठेवली जात.

एक म्हातारा वानर बरीच वर्षे मुख्य होता. हरिणी त्याला 'आजोबा' म्हणे. त्याच्या पहाऱ्यावर तिचा इतका भरवसा होता की भर दुपारी कुरणाच्या मधोमध बसून ती डोळे मिटून रवंथ करी.

एके दिवशी ती अशीच बसली होती. तिचे पाडस तिच्यापासून दोन पावलांवर गवताचे कोवळे शेंडे खुडत होते. झाडांवरून कसलीही हाक आली नाही. गवत एकदा सळसळले, एक पिवळा पट्टा तिच्या डोळ्यांसमोरून गेला आणि पाडस दिसेनासे झाले. ती उठून उभी राहीपर्यंत बिबट्या ओढ्यापलीकडे पोहोचला होता.

संध्याकाळी म्हाताऱ्या वानराने सगळ्यांना ओढ्याकाठी बोलावले. "झालं ते फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण आमच्या पहारेकऱ्यानं हाक दिली होती. पाडस चरत चरत लांब गेलं होतं, त्याच्या कानावर ती गेली नसावी."

"पाडस लांब नव्हतं," हरिणी म्हणाली. "माझ्याजवळ होतं. आणि हाक आली नाही."

 तिची बहीण जवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं, दुःखात माणूस काय, जनावर काय, सगळ्यांनाच काही सुचत नाही. तुला डोळा लागला असेल." गवा मोठा, अंगाने काळाभोर, त्याच्या शब्दाला कुरणात वजन. तोही म्हणाला, "एवढी वर्षं पहारा देतायत ते. खोटं कशाला बोलतील?" हरिणी गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस ती मनातल्या मनात तीच दुपार आठवत राहिली. हाक खरेच आली होती का? आपणच झोपलो होतो का? आपल्या पाडसाच्या मरणापेक्षाही या प्रश्नाने तिला जास्त पोखरले.

दोन महिने गेले. मग एक भेकर तिच्याकडे आले. ते स्वभावाने भित्रे, एकटेच हिंडणारे. ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी अर्जुनाच्या झाडाखाली होतो. वर जो तरुण वानर पहाऱ्यावर होता, त्याची मान छातीवर टेकली होती. तो झोपला होता. मी बोललो नाही. मला भीती वाटली. पण आता मला चारा गोड लागत नाही."

ही गोष्ट दोन दिवसांत कुरणभर झाली. सगळे म्हाताऱ्या वानराकडे गेले. तो आधी म्हणाला, "असं काही झालेलं नाही." मग म्हणाला, "चौकशी करतो." आणि मग तो काहीच बोलेनासा झाला. तो उंच फांदीवर पाठ करून बसून राही.

मुलांनो, विश्वास उडायला वेळ लागत नाही. त्यातून तो खऱ्या कारणाने उडाला, तर त्याच्या पाठोपाठ बरेच काही उडून जाते. इथेही तसेच झाले.

जंगलात एक कोल्हा होता. तो कुणाशी भांडत नसे, कुणाला शिवी देत नसे, आणि नीट ऐकले तर तो सहसा खोटेही बोलत नसे. तो फक्त विचारत असे. सशाला तो विचारी, "ही एकच चूक झाकली कशावरून?" सांबराला विचारी, "गेल्या वर्षी तुझा भाऊ गेला, तेव्हा हाक आली होती का रे? तू स्वतः ऐकली होतीस?" गव्याला विचारी, "वानर उंबर तर रोज खातात. मग बिबट्या येतोच कसा? कुणाचं कुणाशी काही ठरलेलं तर नसेल?" एवढे विचारून तो शेपटी झटकून पुढे जाई. उत्तर ऐकायला तो कधी थांबत नसे, आणि उत्तर शोधायला तर तो कधी गेलाच नाही.

तो हरिणीकडेही आला. "ताई, तुझंच खरं होतं," तो म्हणाला. "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो."

तो पहिल्यापासून असे काही म्हणाला नव्हता, हे हरिणीला माहीत होते. पण दोन महिने तिला सगळ्यांनी वेडी ठरवले होते. त्या एका वाक्याने तिला इतके बरे वाटले की तिने त्याला टोकले नाही.

मग तिची गोष्ट कुरणात फिरू लागली. फिरता फिरता वाढू लागली. एके सकाळी ओढ्यावर तिने एका सशाला दुसऱ्या सशाला सांगताना ऐकले, "तिची तीन पाडसं नेली. तिन्ही. वानरांनीच बिबट्याला खूण केली म्हणे. त्याच्या बदल्यात बिबट्या वानरांच्या पिल्लांना हात लावत नाही." सशांनी तिला पाहिले. दोघांनी आदराने वाट दिली. हरिणी क्षणभर थांबली. 'पाडस एकच होते आणि तो वानर झोपला होता, बाकी काही नव्हते,' एवढे सांगायला घोटभर पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नसता. पण ती बोलली नाही. पाणी पिऊन निघून गेली. मनात तिने स्वतःची समजूत घातली, की त्यांनी माझ्याशी जे केले, त्यापुढे हे काहीच नाही.

हळूहळू कुरणातली शिस्त ढिली झाली. उंबराची फळे कुणी राखेना. हाक आली की पूर्वी सगळे आधी पळत आणि मग विचार करीत. आता आधी एकमेकांकडे बघू लागले. गवा मान वर न करता म्हणे, "आपल्यावाचून यांचं चालत नाही हे दाखवायला ओरडतात." मग बाकीचेही चरत राहत. बरेचदा खरोखर काही येत नसे, कारण हाक ऐकून बिबट्या परत फिरलेला असे. पण बिबट्या परत फिरलेला कुणाला दिसत नाही. दिसते ते फक्त रिकामे गवत.

पावसाळा सरला. निवड दहा-बारा दिवसांवर आली. आणि नेमके तेव्हाच म्हाताऱ्या वानराने सगळ्यांना बोलावून सांगितले, "उत्तरेच्या खिंडीपलीकडे रानकुत्र्यांची मोठी टोळी उतरलीय. आमच्यातल्या दोघांनी पाहिलीय. दोन-तीन दिवसांत ती कुरणात येईल. बिबट्या एकाला नेतो, हे टोळीनं येतात आणि दमेपर्यंत पाठलाग करतात. पळून उपयोग नाही. सगळे दक्षिणेच्या घळीत चला. घळीचं तोंड अरुंद आहे. गवे शिंगं रोखून तोंडाशी उभे राहिले तर एकही कुत्रं आत यायचं नाही. आठ दिवस काढू. टोळी पुढं निघून जाईल."

घळीत गवत नव्हते, नुसते दगड आणि करवंदीच्या जाळ्या. तिथे आठ दिवस काढायचे म्हणजे अर्धपोटी राहायचे.

"निवड आली की रानकुत्री येतात वाटतं?" कोल्ह्याने विचारले. सगळे हसले.

सगळ्यांत मोठ्याने बोलली ती हरिणी. "ज्याला डोळ्यांसमोरचा बिबट्या दिसला नाही, त्याला खिंडीपलीकडची कुत्री दिसली? आम्ही कुठेही जाणार नाही." तिच्या बोलण्यावर कुरणभर होकाराच्या माना हलल्या. हरिणीला आपल्या आवाजात जोर असल्याचे पहिल्यांदाच जाणवले.

त्याच दिवशी दुपारी म्हातारा वानर झाडावरून खाली उतरला. वानर एकटा गवतात उतरत नाही. तो धोका त्याने पत्करला आणि हरिणीसमोर येऊन बसला. जवळून पाहिल्यावर तो किती थकला आहे ते तिला दिसले.

"पोरी," तो म्हणाला, "माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायला मी आलेलो नाही."

"आधी माझ्या पाडसाबद्दल बोल," हरिणी म्हणाली. 'आजोबा' हा शब्द तिने वापरला नाही.

वानराने मान खाली घातली. "तो झोपला होता," तो म्हणाला. "आदले दोन दिवस मीच त्याला बदली दिली नव्हती. त्याच संध्याकाळी त्यानं रडत मला सांगितलं. मी म्हटलं, गप्प बस. मला वाटलं, एका डुलकीची गोष्ट बाहेर गेली तर उद्या आपल्या हाकेवर कुणी पळणार नाही, आणि मग रोज एक मरेल. म्हणून झाकलं."

"आणि आता पळतात का?"

"नाही."

"मी वेडी नव्हते," हरिणी म्हणाली.  "दोन महिने मला वाटत होतं, मीच झोपले होते. माझ्यामुळेच माझं पाडस गेलं. तुला ठाऊक होतं. एकदा येऊन मला एकटीला तरी सांगायचंस."

 तो म्हणाला, "मला माफ करू नकोस. पण खिंडीपर्यंत जा. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग काय करायचं ते कर."

हरिणीने त्याला माफ केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिंडीकडे निघाली ती त्याच्यावर विश्वास ठेवून नव्हे. तिला तो पुन्हा खोटे बोलताना सापडायला हवा होता. रिकामी खिंड पाहून परत यायचे आणि सगळ्यांसमोर सांगायचे, की बघा, तिथे काही नाही, हे तिने मनात पक्के केले होते. वाटेत काय बोलायचे ते शब्दही तिने जुळवून ठेवले.

खिंडीच्या अलीकडच्या ओल्या मातीत तिला पहिला पंजा दिसला. मग दुसरा. मग इतके, की माती पार तुडवली गेली होती. पुढे दगडांमध्ये एका मोठ्या सांबराची पाठ आणि शिंगे तेवढी उरली होती, आणि ती ताजी होती. हरिणी थबकली. वारा पलीकडून तिच्याकडे वाहत होता म्हणून ती वाचली. खिंडीपलीकडच्या सावलीत तांबूस अंगाची, काळ्या झुपकेदार शेपट्यांची रानकुत्री लवंडली होती. तिने पंधरापर्यंत मोजली आणि पुढे मोजायचे सोडून दिले. त्यांतल्या एकाने उठून बारीक शीळ घातली. पलीकडच्या उतारावरून तशीच शीळ आली. मग तिसरीकडूनही आली.

तिने जुळवलेले शब्द तिथेच गळून पडले. ती मागे फिरली आणि धावत सुटली.

कुरणात पोहोचली तेव्हा तिचा ऊर धपापत होता. "खरं आहे!" ती ओरडली. "मी बघून आले. रानकुत्री आहेत. सगळी घळीत चला!"

 मग गवा म्हणाला, "काय दिलं त्यांनी तुला?"

हरिणीला आधी कळलेच नाही. "कुणी?"

"मी काही म्हणत नाही," कोल्हा हळूच म्हणाला. "पण काल म्हातारा वानर झाडावरून उतरून हिला भेटायला आला होता ना? दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं ना? मी आपलं विचारतोय."

यातला शब्द न् शब्द खरा होता. हरिणी म्हणाली, "हो, आला होता. त्यानं कबूल केलं, की पहारेकरी झोपला होता."

"म्हणजे तुमचं मिटलं," गवा म्हणाला.

आता हरिणी चिडली. ती सशासमोर जाऊन उभी राहिली. "तू मला ओळखतोस. मी खोटं बोलतेय असं तुला का वाटतं?"

ससा ओशाळला. "मला असं नाही... पण सगळेच म्हणतात ना, की खिंडीत काही नाही."

"सगळे म्हणजे कोण?"

"गवेदादा म्हणाले."

"गवेदादा, तुम्हांला कुणी सांगितलं? तुम्ही गेला होतात खिंडीत?"

"मला कशाला जायला हवं?" गवा गुरगुरला. "कोल्हा म्हणाला."

"मी?" कोल्हा म्हणाला. "मी तर नुसतं विचारलं. काही नाही असं काल सगळ्यांसमोर म्हणाली ती तूच, ताई. आणि वानर बिबट्याला मिळालेले आहेत, ते तर आम्ही तुझ्याच पाडसांवरून शिकलो. तीन पाडसं गेली ना तुझी?"

 आता हरिणीला सगळे दिसले. जे तिच्या अंगावर आले होते, ते फिरून फिरून तिच्याच जवळून निघालेले होते. गप्प राहिली तर ती पूर्वीसारखीच सगळ्यांची लाडकी राहिली असती. बोलली तर तेवढेही उरणार नव्हते.

"पाडस एकच होतं," ती म्हणाली. "वानरांचं बिबट्याशी काही ठरलेलं नव्हतं. एक पोरगा थकून झोपला आणि म्हाताऱ्यानं ते झाकलं. एवढंच झालं, आणि तेवढंच माझ्यासाठी पुष्कळ होतं. बाकीचं खोटं आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ओढ्यावर ऐकलं आणि गप्प बसले. ऐकायला बरं वाटत होतं मला." तिने मान वर केली. "काल मी बोलले तेही न बघता बोलले. आता माझ्यावर विश्वास ठेवू नका. दोघं-तिघं चला माझ्याबरोबर. खिंडीपर्यंत जायचीही गरज नाही, अलीकडची माती बघा. मग ठरवा."

कुणी हलले नाही. मग तिची बहीण कळपातून बाहेर आली. तिनेच त्या संध्याकाळी 'तुला डोळा लागला असेल' म्हटले होते. "जी सगळ्यांसमोर स्वतःच्या विरुद्ध बोलते," ती म्हणाली, "तिच्याबरोबर मी माती बघायला तरी जाईन." तिच्या मागोमाग तो ससा निघाला. गव्यांच्या कळपातल्या दोन वयस्कर माद्याही निघाल्या. गवा त्यांना अडवू लागला, तेव्हा त्यांतली एक म्हणाली, "बघून यायला काय जातंय?"

ते पाचजण गेले. परत आले तेव्हा त्यांची तोंडे पाहूनच कुरणातले निम्मेअधिक घळीकडे चालू लागले. उरलेले म्हणाले, "हीही आता त्यांच्यातच गेली." गव्याने पाय रोवले. त्याच्याबरोबर तरणे गवे राहिले, काही सांबरे राहिली, कित्येक चितळे राहिली. गव्याचे वासरू त्याच वर्षी जन्मलेले, आईवेगळे होते. तेही बापाजवळच राहिले.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर आला असताना हाक आली. अर्जुनावर होता तो तोच तरुण वानर, जो त्या दिवशी झोपला होता. त्याने हाक दिली. खाली सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितले. त्याने पुन्हा हाक दिली. गवा चरत होता म्हणून सांबरे चरत राहिली, आणि सांबरे चरत होती म्हणून चितळे. तो वानर फांद्या हलवून, अंग आपटून ओरडत राहिला. शेवटी त्याचा घसा बसला आणि नुसती घरघर बाहेर येऊ लागली. तेव्हा कुठे गवतातून पहिली शीळ ऐकू आली, आणि ती तिन्ही बाजूंनी आली.

घळीच्या तोंडाशी त्या दोन वयस्कर माद्या शिंगे रोखून उभ्या होत्या. चार रानकुत्री तिथवर आली, त्यांच्याकडे बघत घुटमळली आणि परत गेली. त्यांना कुरणातच पुष्कळ मिळाले होते. घळीतल्यांना कुरण दिसत नव्हते. पण ऐकू सगळे येत होते. हरिणी डोळे मिटून उभी होती. ससा तिच्या पायाला चिकटून बसला होता. 

उन्हे कलल्यावर गवा घळीशी आला. त्याच्या मांडीवर मोठी जखम होती, आणि तो एकटाच होता. त्याच्या कळपातल्या माद्यांनी काहीही न विचारता बाजूला होऊन त्याला वाट दिली. तो हरिणीसमोर येऊन थांबला. म्हणाला, "मी वासरासमोर उभा होतो. पण ते मागून आले."

'मी सांगत होते' असे हरिणी म्हणाली नाही. पाडस गेल्यावर काय ऐकावेसे वाटत नाही, ते तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? ती त्याच्या जखमेजवळच्या माश्या आपल्या शेपटीने हाकलत नुसती उभी राहिली.

आठवडाभराने टोळी पुढे गेली. जंगलात कोल्हा तेवढा त्या दिवसांत गुटगुटीत झाला होता. टोळीने टाकलेले त्याला चार दिवस पुरले.

निवडीचा दिवस आला. त्या जंगलातली पद्धत अशी होती, की मुख्य व्हायला जे वानर तयार असत, ते ओढ्याकाठच्या वेगवेगळ्या झाडांवर बसत. ज्याला जो पसंत, त्याने त्याच्या झाडाखाली जाऊन उभे राहायचे. मग डोकी मोजली जात. म्हातारा वानर या वेळी कुठल्याच झाडावर चढला नाही. तो वाळूत सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशी पहारा झोपला होता. मी ते झाकलं, आणि एका आईला खोटं पाडलं. आत्ता कुरणात जी मेली, त्यांतली कितीतरी माझ्या त्या खोट्यानं मेली. ती इशारा ऐकून घळीत गेली असती." एवढे बोलून तो बाजूला जाऊन बसला. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, आणि कुणी त्याचे सांत्वनही केले नाही.

दोन झाडांवर दोघे बसले होते. जांभळावर एक धिप्पाड वानर होता, मोठ्या आवाजाचा. समोरच्या मोहावर एक वानरी होती, मध्यम वयाची, फारशी कुणाला माहीत नसलेली.

हरिणी आधी जांभळाखाली गेली आणि वर बघून म्हणाली, "तुझ्या पहाऱ्यात चूक झाली तर मला कधी कळेल?"

"माझ्या पहाऱ्यात चूक होणारच नाही," तो वानर छाती ठोकून म्हणाला.

मग ती मोहाखाली गेली आणि तिने तेच विचारले. वानरी एक फांदी खाली उतरली. मग म्हणाली, "चूक झाली तर सांगायची मला भीती वाटेल. फार वाटेल. म्हणून तुमच्यातल्या एकानं रोज आमच्या झाडाखाली थांबावं. म्हणजे मला भीती वाटली तरी तुम्हांला कळेल."

हरिणी परत येऊन सगळ्यांमध्ये उभी राहिली. आणि तिच्या लक्षात आले, की कुणीच झाडांकडे बघत नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. पूर्वी सगळे गव्याकडे बघत, तसेच. ती ज्या बाजूला पाय टाकेल, त्या बाजूला सगळे कुरण लोटणार होते.

"ताई, कुठे उभं राहायचं?" सशाने विचारले.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "मी एकदा तुम्हांला न बघता सांगितलं होतं. वर बघा. दोघांनाही विचारा, तुम्हांला जे विचारायचं असेल ते." आणि ती तिथेच वाळूत गुडघे दुमडून खाली बसली.

बराच वेळ गोंधळ झाला. मग एकेक जण झाडांखाली जाऊ लागला आणि मान वर करून विचारू लागला. सांबरांनी बदलीच्या पहारेकऱ्यांबद्दल विचारले. भेकराने, जन्मात पहिल्यांदा, सगळ्यांसमोर तोंड उघडून काहीतरी विचारले. गवा लंगडत दोन्ही झाडांखाली जाऊन आला.

कोल्हा सशाच्या बाजूने गेला. "पण ही तरी खरं बोलते कशावरून?" त्याने विचारले.

"मला नाही माहीत," ससा म्हणाला. "म्हणून उद्या पहिल्या दिवशी तिच्या झाडाखाली मीच थांबणार आहे. तू येतोस?"

कोल्ह्याने शेपटी झटकली. पण या वेळी पुढे गेल्यावर त्याला कुणी ऐकणारा सापडेना.

सूर्य ओढ्यावर उतरला तेव्हा जवळजवळ सगळे कुठल्या ना कुठल्या झाडाखाली उभे होते. दोन्हीकडची गर्दी सारखीच वाटत होती. काही जण जांभळाखाली होते, त्यांना तो वानर खरोखर पसंत होता, आणि हरिणीला त्यात वावगे वाटले नाही. आता आपल्या मागून यायला कुणी उरले नाही, याची तिने एकदा वळून खात्री करून घेतली. मग ती उठली, अंगावरची वाळू झटकली आणि एकटीच, सगळ्यांत शेवटी, मोहाच्या दिशेने चालू लागली.

तात्पर्य : कारभाऱ्यांनी आपली चूक झाकली, तर त्यांचा खरा इशाराही कुणाच्या कानी पोहोचत नाही, पण एकदा फसलो म्हणून सगळेच खोटे मानणारा, सगळेच खरे मानणाऱ्याइतकाच आंधळा असतो. शेजारी कुठे उभा आहे ते बघून आपले मत ठरवू नये. स्वतः जाऊन बघावे, तोंडावर विचारावे, आणि आपल्या बाजूने बोललेले खोटेसुद्धा खोडून काढावे.